इंधनाचे झाड कोणत्या जमिनीत लावावे?

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, पर्जन्यछायेतले तालुके. वर्षाचा सरासरी पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या खालच्या पट्ट्यात बागायत उभी राहिली. पुढे उजनीच्या जलाशयामुळे इंदापूरच्या भीमाकाठालाही पाणी मिळाले. सुपे-मोरगावकडचा भाग आणि इंदापूरचा मधला माळ मात्र मुरमाड आणि जिरायतच राहिला. जळण, वीज आणि इमारती लाकूड यांसाठी इथे नवी पिके शोधायची, तर आधी जमिनीची ही विभागणी ध्यानात घ्यावी लागते.

या भागातले इंधनाचे सर्वांत मोठे पीक आजही ऊस आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर अशा ठिकाणच्या साखर कारखान्यांत गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, निघते. तिच्यात निम्मे पाणी असते, म्हणून एका किलोतून सुमारे 2,200 किलोकॅलरी उष्णता मिळते. वाळलेल्या लाकडातून 4,000 किंवा थोडी अधिक मिळते. शिवाय बगॅस येते ती गाळपाच्या हंगामात. उन्हाळा-पावसाळ्यात सहवीजनिर्मिती चालू ठेवायची असेल, तर साठवलेली बगॅस किंवा दुसरे इंधन लागते. नव्या पिकांना इथे वाव आहे.

ही पिके शोधण्याचे मोठे काम नीरेच्या पलीकडे फलटणला झाले. बी. व्ही. निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर दीर्घकाळ संशोधन केले. या ज्वारीच्या कणसापासून धान्य, ताटाच्या रसापासून इथेनॉल आणि उरलेल्या चोथ्यापासून चारा किंवा जळण मिळते. पीक साधारण चार महिन्यांत निघते आणि उसापेक्षा पुष्कळ कमी पाणी घेते. याच संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी, शेतातल्या टाकाऊ मालावर आणि इंधनपिकांवर एखादा तालुका ऊर्जेत स्वयंपूर्ण होऊ शकतो, ही कल्पना मांडली. उसाचे पाचट वापरणारे गॅसिफायरही (जळणापासून ज्वलनशील वायू बनवणाऱ्या भट्ट्या) तिथे विकसित झाले. पाचट हलके आणि फुगीर असते, त्यात राखही जास्त, म्हणून लाकडासाठी बनवलेल्या भट्टीत ते नीट चालत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. मात्र खोडव्याच्या सरीत पाचट कुजवले, तर जमिनीची ओल टिकते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. त्यामुळे शेतातले सगळे पाचट इंधनाला देणे परवडणारे नाही.

झाडांमध्ये पहिली मोठी मोहीम सुबाभळीची होती. उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने मध्य अमेरिकेतल्या या झाडाच्या उंच वाढणाऱ्या जातींचा प्रसार केला. चारा, जळण, डांब आणि कागदाचा लगदा असे तिचे अनेक उपयोग. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. पण 1988 मध्ये सायलिड ही रस शोषणारी कीड भारतात पोहोचली आणि एकाच जातीवर विसंबण्यातला धोका समोर आला. बी सहज पडून उगवत असल्यामुळे नको तिथे तिचे रान माजते, हा दुसरा दोष.

मोगली एरंडाची कथा याहून बोलकी आहे. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी या झाडाची देशभर लागवड सुचवली. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय भरपूर बी मिळेल, अशी अपेक्षा होती. झाड जगले, पण बी फार थोडे आले. कमी पाण्यात जगणे वेगळे आणि कमी पाण्यात उत्पन्न देणे वेगळे, हा त्याचा धडा.

साधा हिशेबही हेच सांगतो. गॅसिफायरमध्ये एक युनिट विजेसाठी 1.2 ते 1.5 किलो लाकूड लागते. एक मेगावॅटचा संच वर्षात 7,000 तास चालवायचा, तर सुमारे 9,000 टन लाकूड हवे. जिरायत जमिनीत हेक्टरी वर्षाला 5 टन धरले, तरी 1,800 हेक्टर लागवड लागेल. पाणी दिले तर उत्पादन वाढेल, पण कालव्याचे पाणी जळणासाठी खर्च करणे या तालुक्यांना परवडणार नाही.

म्हणून इथे सलग लागवडीपेक्षा वनशेती अधिक जुळते. दख्खनच्या शेतकऱ्यांना तिची ओळख जुनीच आहे. बांधावरची बाभूळ नांगराला, बैलगाडीला आणि चुलीला पुरत असे. रामकाठी बाभळीचा माथा अरुंद आणि सरळ असल्याने पिकावर सावली कमी पडते. कडुनिंब, हिवर आणि बोरही या हवेत टिकतात. अतिपाण्याने चोपण झालेल्या बागायती जमिनीत क्षार सोसणारी झाडे लावता येतात. हलक्या मुरमाड जमिनीत फळझाडे आणि पिके कशी जगवावीत, यावर 2009 मध्ये माळेगाव खुर्दला स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था काम करते. खडक फोडून खड्डे भरण्यापासून पाणी बेताने देण्यापर्यंतचे तिचे अनुभव वृक्षलागवडीलाही उपयोगी आहेत.

लाकडासाठी झाड लावताना कायदाही पाहावा लागतो. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली, तरी तोडायला परवानगी लागते. बांबूला मात्र 2017 मध्ये भारतीय वन कायद्यातील ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळण्यात आले. मानवेल बांबूची तोड साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून सुरू होते आणि नंतर दरवर्षी काही काठ्या मिळत राहतात.

एका जागेला मात्र हात लावू नये, ती म्हणजे माळरान. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, शिरसुफळ आणि इंदापूरचे कडबनवाडी इथल्या गवताळ माळांवर चिंकारा आणि लांडगे राहतात, धनगरांची मेंढरे चरतात. कागदोपत्री अशी जमीन ‘पडीक’ दिसते, पण ती एक पूर्ण निसर्गव्यवस्था आहे. गिरिपुष्प किंवा वेडी बाभूळ वाढली, की गवत जाते, आणि गवतावर जगणारे सगळे त्याबरोबर जाते. उलट माजलेली वेडी बाभूळ काढून तिचे जळण आणि कोळसा केला, तर इंधनही मिळते आणि माळही मोकळा होतो.

बारामती-इंदापूरसाठी इंधनाचे एकच अद्भुत झाड नाही. बांध, चोपण जमीन आणि स्वतःच्या शेतातला हलका तुकडा या तिथल्या झाडांच्या जागा आहेत, आणि जाती एकाहून अधिक हव्यात. शेतकऱ्याने रोप घेण्याआधी लाकूड कोण, कुठे आणि कोणत्या दराने घेणार, हे लेखी ठरवून घ्यावे. वाहतूक दूरची असेल, तर जळणाचा नफा रस्त्यातच संपतो.