कॉस्टिकशिवाय साबण नाही

हाताने बनवलेल्या साबणाच्या वड्या हल्ली प्रत्येक प्रदर्शनात मांडलेल्या असतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या वेष्टनावर ‘केमिकल-फ्री’ असे ठसठशीत छापलेले असते. हा दावा खरा असूच शकत नाही, कारण साबण जन्मालाच येतो तो रासायनिक अभिक्रियेतून. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. कॉस्टिक सोड्याचे द्रावण तेलात ओतून घोटत राहिले की हे जोड तुटू लागतात, मिश्रण दाटत जाते आणि डावातून पडलेली धार वर क्षणभर तशीच उमटून राहते. सुटलेली मेदाम्ले सोडियमशी बांधली जाऊन साबण होतो, ग्लिसरीन मोकळे होते. तेलाची ही घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी १८२३ सालच्या आपल्या ग्रंथात उलगडून दाखवली. त्याआधी लोक राखेच्या पाण्यात चरबी उकळून साबण करत. तिथेही राखेतली अल्कली हेच काम करत होती.

यावर कुणी म्हणेल, कातडी भाजणारा कॉस्टिक अंगाला कसा चालेल? शंका रास्त आहे, पण तयार वडीत तो कॉस्टिक म्हणून उरत नाही. अट एकच, माप चुकता कामा नये. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगदाणा तेलाला सुमारे १३५ ग्रॅम. तेल बदलूनही माप तेच ठेवले, तर कॉस्टिक शिल्लक राहून कातडी जळजळेल किंवा तेल उरून वडी चिकट राहील. म्हणूनच जाणकार कॉस्टिक हिशेबापेक्षा थोडा कमीच घालतात. वडी सौम्य होते ती या मोजमापामुळे, ‘नैसर्गिक’ या शब्दामुळे नव्हे. शिवाय उत्तम साबणही मुळात अल्कधर्मीच असतो: त्याचा पीएच ९ ते १०, तर त्वचेचा साधारण ५.

दुसरा आक्षेप रिठा-शिकेकाईचा. त्यांना कॉस्टिक लागत नाही हे खरे, पण त्यांचा फेस सॅपोनिन या निराळ्या द्रव्याचा असतो. ते साबण नव्हेत, आणि सॅपोनिन हेही रसायनच.

मग सगळे साबण सारखेच का? मुळीच नाही. खोबरेल तेलात बारा कार्बनचे लॉरिक आम्ल भरपूर असते, त्यामुळे वडी कडक होते आणि फेस भरभरून येतो. पण नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतात. फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो. तिथे डिटर्जंटच सरस ठरतो. हे फरक तेलाचे, पाण्याचे आणि प्रमाणाचे आहेत.

तेव्हा दुकानात वडी उलटून पाहावी. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या टॉयलेट सोपमध्ये टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्य, किमान ७६ टक्के लागते. ‘बेदिंग बार’ला ४० टक्केही पुरतात. घरगुती वडी घेताना तेल कोणते, कॉस्टिक किती आणि वडी किती आठवडे मुरवली, हे विक्रेत्याला विचारावे. ज्याला ही उत्तरे देता येतात, त्याच्याकडून साबण घ्यावा.