संख्या शुभ नसते, संख्या खरी असते

१८१८ हा आकडा आपल्या घरातील लहान मुलांनाही पाठ असतो. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. तेथील विजयस्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भेट दिली. आज या आकड्याकडे आपण गणिताच्या नजरेने पाहू.

१८१८ चे अंक मिळवा. १+८+१+८ म्हणजे १८. आता १८१८ ला १८ ने भागा. भागाकार १०१, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ‘हर्षद’ म्हणजे हर्ष देणारी संख्या म्हटले. शाळेत शिकवता शिकवता केलेले त्यांचे संशोधन आज जगभर अभ्यासले जाते.

मग कोणी म्हणेल, आकडाच शुभ होता म्हणून विजय मिळाला! बंधू-भगिनींनो, इथेच सावध राहायचे. १८०० हीदेखील हर्षद संख्याच आहे. बेरीज ९, भागाकार २००. त्या साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला तेव्हा कोणता हर्ष होता? उलट १८९१ हे बाबासाहेबांचे जन्मवर्ष हर्षद नाही. बेरीज १९, आणि भागले तर बाकी १० उरते.

आता मोठी संख्या घेऊ. धम्मदीक्षेचा दिवस १४-१०-१९५६ सलग लिहिला की १,४१,०१,९५६ होतात. शेवटच्या ५६ ला ४ ने भाग जातो, म्हणून पूर्ण संख्येलाही जातो. अंकांची बेरीज २७, म्हणून ९ ने भाग जातो. एकाआड एक अंकांच्या बेरजा १९ आणि ८. फरक ११, म्हणून ११ नेही जातो. तिचे मूळ अवयव २×२×३×३×११×१४९×२३९. मात्र २७ ने भागल्यास बाकी १८ उरते, म्हणजे ती हर्षद नाही. म्हणून त्या दिवसाचे तेज कमी झाले काय? ते तेज माणसांच्या निर्धाराचे होते.

दौंड जंक्शनवर मालगाडीच्या डब्यावरचा अकरा आकडी क्रमांक मुलांना दाखवा. त्यात डब्याचा प्रकार, मालक रेल्वे, बांधणीचे वर्ष असते आणि शेवटचा अंक बाकीचे अंक बरोबर आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी असतो. संख्येचे काम माहिती देण्याचे, नशीब सांगण्याचे नव्हे.

ग्रह-नक्षत्रांवरून भविष्य सांगून पोट भरणे भिक्खूला वर्ज्य आहे, असे ब्रह्मजाल सुत्त सांगते. तरीही आपल्यातली काही कुटुंबे लेकराच्या नावाची अक्षरे बदलायला अंकज्योतिषाला पैसे मोजतात. तेच पैसे वह्या-पुस्तकांना लावा. ज्या मुलाला भागाकार पडताळता येतो, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

जयभीम!