विश्लेषण : अवकाशकालाची थरथर हिंगोलीत कशी टिपणार?

औंढा नागनाथ म्हटले की ज्योतिर्लिंग आठवते. हिंगोली जिल्ह्यातील या तालुक्याला आता दुसरी ओळख मिळणार आहे ती काटकोनात टाकलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांमुळे. ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा २०३० च्या सुमारास सुरू करण्याचे उद्दिष्ट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गंमत म्हणजे या वेधशाळेत आकाश पाहणारी दुर्बीणच नसेल. मग ती टिपणार काय?

अवकाशकाल म्हणजे नेमके काय?

सूर्य पृथ्वीला ओढतो, असे न्यूटनने सांगितले. मधल्या रिकाम्या जागेतून ही ओढ पोहोचते कशी, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइनस्टाइनने वेगळेच चित्र मांडले. जागा आणि वेळ मिळून एकच विणकाम आहे, वस्तुमानामुळे ते वाकते आणि पृथ्वी त्या वाकलेल्या अवकाशकालातील सर्वांत सरळ वाटेने जात राहते. हे समजावताना ताणलेल्या चादरीवर ठेवलेल्या गोळ्याचे उदाहरण हमखास दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. चादरीत फक्त जागा वाकलेली दिसते, वेळ नाही. हातातून सुटलेला मोबाइल जमिनीवर पडतो तो मुख्यतः वेळेच्या वाकण्यामुळे.

याचा पुरावा त्याच मोबाइलमध्ये आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने त्यांची घड्याळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. म्हणजे रोज ३८ मायक्रोसेकंदांचा फरक. ही दुरुस्ती केली नाही, तर नकाशावरील चूक दिवसाला साधारण १० किलोमीटरने वाढत जाईल आणि पुण्यात बोलावलेली रिक्षा आज एका गावात, उद्या दुसऱ्याच गावात उभी राहील.

मग लहरी कुठून आल्या?

वाकणारी गोष्ट थरथरूही शकते. प्रचंड वस्तुमाने एकमेकांभोवती वेगाने फिरली, तर अवकाशकालात तरंग उठतात आणि प्रकाशाच्या वेगाने पसरतात, असे आइनस्टाइनने १९१६ मध्ये मांडले. पुढे त्याचाच यावरचा विश्वास डळमळला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील लायगो शोधकांनी हे तरंग पहिल्यांदा थेट टिपले. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्यातून ६२ सूर्यांएवढे कृष्णविवर उरले. हिशेबात कमी पडलेले तीन सूर्यांचे वस्तुमान क्षणार्धात ऊर्जा होऊन लहरींमधून निघून गेले.

इतक्या मोठ्या स्फोटाची पृथ्वीवरची थरथर मात्र प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पट कमी होती.

ती मोजायची कशी?

लेसरचा एक झोत कोपऱ्यावर दोन भागांत विभागून दोन्ही नळ्यांत सोडतात. टोकाच्या आरशांमधून प्रकाशाच्या सुमारे ३०० फेऱ्या होतात आणि परतलेले झोत एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी आखडते. ताळमेळ बिघडतो आणि प्रकाश झिरपतो. नळ्यांत निर्वात पोकळी असते, ४० किलोचे आरसे ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचतंतूंवर टांगलेले असतात. तरीही ट्रक, वारा, दूरचा समुद्र यांचा गोंगाट शिरतोच. त्यातून खरा संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी लहरी सापडण्याच्या कितीतरी आधीपासून काम केले आहे. हिंगोलीचा प्रकल्प म्हणजे केवळ आयात यंत्राला दिलेली जागा नव्हे, हे सांगायला तेवढे पुरे.

इथेच आणखी एक कशाला?

आवाज कोणत्या बाजूने आला, हे दोन कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून कळते. लहरींचेही तसेच. २०१५ चा संकेत लिव्हिंग्स्टनला हॅनफर्डच्या ७ मिलिसेकंद आधी मिळाला. तेवढ्यावरून स्रोताची जागा सुरुवातीला सुमारे ६०० चौरस अंशांपर्यंतच आणता आली. म्हणजे जवळपास तीन हजार पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढे आकाश. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली तेव्हा इटलीतील ‘व्हर्गो’ सोबत होता. त्याला संकेत जेमतेम जाणवला आणि तेच उपयोगी पडले: स्रोत त्याच्या अंध पट्ट्यातच असणार. शोध ३० चौरस अंशांच्या आत आला, ११ तासांत दुर्बिणींनी ती आकाशगंगा गाठली आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, याचा पुरावा मिळाला. भारतातील शोधक अमेरिकेपासून जवळपास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असल्याने ही अचूकता आणखी वाढेल.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण वेळेची. फेब्रुवारी २०१६ मध्ये, शोध जाहीर झाल्यावर आठवडाभरातच केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली. निधी मिळायला सात वर्षे लागली. दरम्यान जपानचा ‘काग्रा’ सुरूही झाला.

दुसरी जमिनीची. रेल्वे, महामार्ग आणि समुद्रापासून दूर, शांत जागा म्हणून औंढ्याची निवड झाली. पण २०२४ मध्ये मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोलीला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मोठ्या भूकंपाने हजारो किलोमीटरवरील शोधकही काही काळ बंद पडतो, मग जवळचा धक्का आरशांचा तोल नक्कीच घालवू शकतो. आरसे पुन्हा जुळवेपर्यंत निरीक्षण थांबते आणि नेमक्या त्या वेळी आलेली लहर पुन्हा मिळत नाही.

तिसरी अमेरिकेतून आलेली. एका शोधकाची मुख्य यंत्रसामग्री अमेरिका भारताला देणार आहे. त्याच अमेरिकेत ट्रम्प प्रशासनाने २०२६ च्या अर्थसंकल्पासाठी लायगोचा निधी सुमारे ४० टक्क्यांनी कापून दोनपैकी एकच शोधक चालवण्याचा प्रस्ताव मांडला. शास्त्रज्ञांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला. एकट्या शोधकाला स्रोताची दिशा जवळपास सांगताच येत नाही, शिवाय दिसलेला संकेत खरा की स्थानिक गोंगाट, हे पडताळायला जोडीदार लागतो. तो कमी झाला, तर हिंगोलीवरची भिस्त आणखी वाढेल.