सरडा दिवसा डोळे मिटतो तेव्हा

शेताच्या कुंपणावर किंवा बाभळीच्या फांदीवर पुढे-मागे झुलत, एकेक पाऊल जपून टाकणारा हिरवा सरडा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. आपल्याकडे त्याला घोयरा म्हणतात. विज्ञानाच्या पुस्तकांत त्याच्या कुळाचे नाव शॅमेलिऑन असे आढळते. जगात या कुळाच्या दोनशेहून अधिक जाती असून त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर राहतात. भारतात मात्र एकच जात आढळते, ती म्हणजे आपला घोयरा.

अमेरिकेत आणि युरोपात अनेक लोक शॅमेलिऑन हौसेने पाळतात. येमेन व सौदी अरेबियातला डोक्यावर तुरा असलेला शॅमेलिऑन आणि मादागास्करचा रंगीबेरंगी पँथर शॅमेलिऑन या तेथील लोकांच्या आवडत्या जाती. या पाळीव सरड्यांच्या तक्रारींत डोळ्यांच्या तक्रारी पुष्कळ असतात. मांजराचा डोळा सुजला तरी ते वासावरून बशीपर्यंत पोचते. शॅमेलिऑनची गोष्ट वेगळी आहे. तो भक्ष्य शोधतो ते केवळ डोळ्यांनी. डोळे मिटले की शिकार थांबते, आणि शिकार थांबली की त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून त्याचा डोळा बिघडतो कसा आणि तो बरा कसा करतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

मनोऱ्यातला डोळा

शॅमेलिऑनचा डोळा डोक्यातून बाहेर आलेल्या एका लहान शंकूसारखा दिसतो. त्याच्या वरच्या व खालच्या पापण्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्या नेत्रगोलाला चिकटून त्याच्याबरोबर फिरतात. मधोमध बाहुलीपुरते छोटेसे भोक असते. त्या भोकातूनच त्याला सारे जग दिसते. हा मनोरा आडवा जवळजवळ १८० अंशांतून आणि उभा सुमारे ९० अंशांतून फिरू शकतो. शिवाय एक डोळा पुढे पाहत असताना दुसरा मागे पाहू शकतो. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते.

भक्ष्य दिसले की दोन्ही डोळे पुढे वळून त्याच्यावर स्थिरावतात. मग क्षणार्धात जीभ सुटते. ही जीभ त्याच्या शरीराच्या लांबीपेक्षाही लांब जाऊ शकते. एवढ्या लांबचा नेम अचूक बसायचा, तर किडा किती अंतरावर आहे हे नेमके कळले पाहिजे. ते त्याला कसे कळते?

आधी एक सोपा प्रयोग करा. दोन्ही हातांत एकेक पेन्सिल घ्या. एक डोळा मिटा आणि दोन्ही पेन्सिलींची टोके समोरासमोर आणून एकमेकांना टेकवण्याचा प्रयत्न करा. बहुधा तुमचा नेम चुकेल. दोन्ही डोळे उघडे ठेवले की तेच काम सहज जमेल. आपण जवळच्या वस्तूचे अंतर मुख्यतः दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतील फरकावरून ओळखतो.

शॅमेलिऑनची रीत निराळी आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती एक कडे असे आणि त्यावर मीटरचे आकडे कोरलेले असत. चित्र स्पष्ट होईपर्यंत कडे फिरवायचे आणि मग आकडा वाचला की वस्तूचे अंतर कळायचे. शॅमेलिऑनचा डोळा काहीसा असाच वापरला जातो. प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी भिंगाला किती बदलावे लागले, यावरून त्याचा मेंदू अंतर ठरवतो. १९७७ साली लिंडसे हार्कनेस यांनी सरड्यांच्या डोळ्यांपुढे भिंगे लावून हे दाखवून दिले. चष्मा लावलेल्या सरड्यांचा जिभेचा नेम अंतरात चुकू लागला. पुढे १९९५ साली ऑट आणि शेफेल या शास्त्रज्ञांनी आणखी एक नवल सांगितले. आपल्या डोळ्यातले भिंग प्रकाशकिरण एकत्र आणते. शॅमेलिऑनचे भिंग मात्र ते फाकवू शकते. पुढचे पारपटल किरण एकत्र आणते आणि मागचे भिंग ते फाकवते. अशा जोडीमुळे डोळ्याच्या पडद्यावर मोठी प्रतिमा पडते. छायाचित्रकाराच्या टेलिफोटो भिंगाचे तत्त्वही हेच आहे.

एवढे नाजूक यंत्र थोडे जरी बिघडले तरी नेम चुकणार, हे उघड आहे. म्हणून सरड्याची जीभ वारंवार चुकू लागणे ही डोळ्याच्या दुखण्याची पहिली खूण असू शकते.

निरोगी डोळा कसा ओळखावा?

निरोगी शॅमेलिऑनचे डोळे दिवसभर उघडे आणि सतत हलते असतात. मनोरा गोल, भरलेला आणि दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. रात्री तो डोळे मिटून झोपतो. पण हा प्राणी दिनचर आहे. भर दिवसा तो डोळे मिटून बसला असेल, तर ‘बिचारा दमला असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये. दिवसा डोळे मिटणे ही आजाराची खूणच समजावी.

एका गोष्टीने मात्र घाबरून जायचे कारण नाही. कधी कधी सरडा डोळा फुगवतो, गरगर फिरवतो आणि फांदीवर घासतो. पापणीच्या आत गेलेला धुळीचा कण किंवा कात टाकताना अडकलेला कातडीचा तुकडा बाहेर काढण्याची ही त्याची पद्धत आहे. पाण्याचा फवारा मिळाला की तो असे हमखास करतो. काही मिनिटांत हा प्रकार थांबला तर सर्व ठीक. फुगवटा दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर मात्र दुखणे आहे असे मानावे.

एक डोळा की दोन्ही?

रोगाचे कारण शोधताना पशुवैद्य पहिला प्रश्न विचारतो तो हाच.

एकच डोळा बिघडला असेल तर कारण बहुधा त्या डोळ्यापाशीच असते. काटा किंवा फांदी लागून पारपटलाला जखम झालेली असते, पापणीआड कण अडकलेला असतो किंवा जंतूंमुळे गळू झालेले असते. गळवाचे मूळ कधी कधी तोंडात सापडते. डोळ्यातले पाणी वाहून नेणारी बारीक नलिका टाळूपाशी उघडते. हिरड्यांना झालेली बाधा तिथून वर सरकू शकते. म्हणून डोळा सुजला तरी पशुवैद्य आधी सरड्याचे तोंड उघडून पाहतो.

दोन्ही डोळे एकाच वेळी मिटले असतील तर संशय साऱ्या शरीरावर किंवा पिंजऱ्यावर घ्यावा. पाणी कमी पडणे, आहारातील उणीव, चुकीचा दिवा, मूत्रपिंडाचा विकार किंवा मादीच्या पोटात अडकलेली अंडी, यांपैकी काहीही असू शकते.

डोळे सुजले आहेत की खोल गेले आहेत, हेही पाहावे लागते. खोल गेलेले डोळे बहुधा पाणी कमी पडल्याचे सांगतात. शॅमेलिऑन वाटीतले साचलेले पाणी सहसा पीत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. भरलेली वाटी समोर असूनही तो तहानलेला राहू शकतो. अशा वेळी त्याच्या विष्ठेतील पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसू लागतो.

जीवनसत्त्व ‘अ’ची उणीव

दोन्ही पापण्या सुजून चिकट होण्याचे एक प्रसिद्ध कारण म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव. रातांधळेपणाच्या धड्यात हे नाव तुम्ही वाचले आहेच. याच्या अभावी मुलांची दृष्टी जाऊ नये म्हणून भारतात १९७० साली ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली.

डोळ्याच्या आतील आणि अश्रुग्रंथींचे अस्तर ओलसर ठेवण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की अस्तराच्या पेशी कोरड्या, कडक होऊन त्वचेसारख्या बनतात. त्यांचे पापुद्रे सुटून नलिका तुंबतात आणि पापण्या सुजतात. तुंबलेल्या जागी मग जंतूंचे फावते.

गाजरातील केशरी द्रव्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. शॅमेलिऑनला हे फारसे साधत नाही, असे पशुवैद्यांना आढळले आहे. पिंजऱ्यातल्या सरड्याला रोज मिळणारे रातकिडे आणि अळ्या यांच्यात तर हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. म्हणून किड्यांवर जीवनसत्त्वाची भुकटी भुरभुरून ते सरड्याला देतात.

मग भरपूर भुकटी घातली तर? तेही धोक्याचे आहे. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते आणि यकृतात साठते. जादा झालेले मूत्रावाटे सहज निघून जात नाही. अतिरेक झाला की सरड्याची कातडी सोलवटून निघते. म्हणून किती मात्रा द्यायची हे सरड्याचे वजन पाहून पशुवैद्यानेच ठरवायचे असते.

दिव्यामुळे दुखणारे डोळे

पाळीव सरड्याच्या पिंजऱ्यावर एक खास दिवा लावतात. त्यातून जंबुपार म्हणजेच अतिनील किरण बाहेर पडतात. त्यांच्या साहाय्याने त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि हाडे बळकट राहतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नसतो, कारण काच हे विशिष्ट किरण अडवते.

पण दिवा फार जवळ असला किंवा त्यातून अधिक आखूड लांबीचे किरण निघत असले, तर पारपटल भाजते. वेल्डिंग करणारे कामगार डोळ्यांवर काळी काच धरतात ती याच भीतीने. नवा दिवा लावल्यावर एक-दोन दिवसांतच सरड्याने दोन्ही डोळे मिटले, तर दिव्यावर संशय घ्यावा. तो ताबडतोब बंद केला की बहुतेक सरडे थोड्या दिवसांत डोळे उघडतात. मात्र दिव्यावाचून कायम चालत नाही. योग्य प्रकारचा दिवा योग्य अंतरावर पुन्हा लावावाच लागतो.

उपचार

पहिला उपचार पिंजऱ्यापासून सुरू होतो. फवारा अधिक वेळ चालू ठेवून सरड्याला डोळे धुण्याची संधी द्यावी. दिव्याचे अंतर तपासावे. पिंजरा जाळीचा व हवेशीर असावा, कारण कोंदट ओलाव्यात जंतू वाढतात. एवढे करून एक-दोन दिवसांत उतार पडला नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. दोन्ही डोळे मिटलेले असतील तर तेवढीही वाट पाहू नये.

पशुवैद्य निर्जंतुक मिठाच्या पाण्याने पापणीच्या आतला भाग हळुवार धुतो. मग डोळ्यात एक नारिंगी रंगद्रव्य टाकून निळ्या प्रकाशात पाहतो. पारपटलावर जखम असेल तर तेवढाच भाग हिरवा चमकतो. जंतूंची बाधा असेल तर ते जंतू कोणते हे तपासून त्याप्रमाणे थेंब ठरवतो. गळू असेल तर ते कापून साफ करावे लागते. आपल्या गळवातील पू पातळ असतो. सरड्यांचा पू पनीरासारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही. उपचार चालू असताना न दिसणाऱ्या सरड्याला हाताने भरवावे लागते आणि थेंबाथेंबाने पाणी पाजावे लागते.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. चिमट्याने किंवा कापसाच्या काडीने पापणी उघडू नये, त्याने पारपटल फाटू शकते. घरातील माणसांसाठी आणलेले थेंबही घालू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते. जखमी पारपटलावर ते पडले तर जखम भरण्याऐवजी वाढते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.

आणि आपला घोयरा?

हे वाचून तुमच्यापैकी कुणाला घोयरा घरी आणावासा वाटेल. तसे करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑनांच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय कराराची बंधने आहेत आणि कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. कायद्याशिवायही एक कारण आहे. योग्य किरण, ओघळते पाणी आणि तऱ्हेतऱ्हेचे किडे यांची तजवीज माणसाला किती खटपटीने करावी लागते, हे तुम्ही वर वाचलेच. बाभळीवरच्या घोयऱ्याला हे सारे ऊन, दव आणि रान फुकट देतात.

घोयरा विषारी असतो, तो दिसणे अशुभ असते, असे म्हणून काही लोक त्याला दगड मारतात. तो विषारी नाही. पिकावरचे किडे खाणारा तो निरुपद्रवी प्राणी आहे. जखमी किंवा डोळे सुजलेला घोयरा दिसला तर त्याला सावलीत शांत राहू द्या आणि मोठ्यांच्या मदतीने वनखात्याला कळवा.

निरोगी घोयरा दिसला, तर चार-पाच पावलांवर स्तब्ध उभे राहा. त्याचा एक डोळा तुमच्याकडे लागलेला असेल. दुसरा कुठे पाहतो आहे, ते शोधा. भक्ष्य दिसल्यावर दोन्ही डोळे एका दिशेला केव्हा वळतात, त्याची वेळ घड्याळात टिपा आणि वहीत लिहून ठेवा.