दोर वर गेला, तो खाली राहिला

व्हिएतनाम युद्धाच्या कथांमध्ये हेलिकॉप्टर असतंच, पण नाव लक्षात राहतं ते वैमानिकाचं. दारापाशी बसून दोर सोडणारा, जखमीला आत ओढून घेणारा आणि वेळ पडली तर त्याच दोरावरून खाली उतरणारा माणूस एखाद्या ओळीपुरता येतो नि जातो. विल्यम पिट्सेनबार्गर हा त्यांच्यापैकी एक. अमेरिकी हवाई दलात ‘एअरमन फर्स्ट क्लास’, म्हणजे हुद्द्यांच्या शिडीवर अगदी खालच्या पायऱ्यांवरचा. वय २१.

ओहायो राज्यातल्या पिक्वे गावी १९४४ मध्ये जन्मलेला हा मुलगा ‘पॅरारेस्क्यू’ दलात होता. शत्रूच्या मुलखात उतरून जखमींवर उपचार करायचे आणि त्यांना बाहेर काढायचं, हे या दलाचं काम. व्हिएतनाममधल्या बिएन होआच्या तळावरून त्याने अडीचशेहून अधिक उड्डाणं केली होती. मार्च १९६६ मध्ये तर जळत्या सुरुंगक्षेत्रात अडकलेल्या एका दक्षिण व्हिएतनामी सैनिकाला त्याने बाहेर काढलं होतं. पुढे वैद्यकीय शिक्षण घ्यायचं त्याच्या मनात होतं; त्यासाठी अॅरिझोना स्टेट विद्यापीठाकडे अर्जही गेला होता.

११ एप्रिल १९६६, ईस्टरचा दुसरा दिवस. सायगॉनच्या पूर्वेला काम मी गावाजवळच्या जंगलात पहिल्या इन्फंट्री (पायदळ) डिव्हिजनची चार्ली कंपनी, १३४ जवान, व्हिएतकाँगच्या मोठ्या तुकडीच्या वेढ्यात सापडली. झाडी इतकी उंच आणि दाट, की हेलिकॉप्टर उतरवायला जागाच नाही. म्हणून हवाई दलाची दोन ‘हस्की’ हेलिकॉप्टरं बोलावली. ही ठेंगणी, पेटीसारखी दिसणारी यंत्रं मुळात विमानतळावरच्या अपघातांसाठी होती. पण त्यांच्यावर विंच होता. पोलादी दोराने जाळीचं स्ट्रेचर झाडांच्या शेंड्यांमधून खाली सोडायचं, जखमीला त्यात बांधायचं आणि वर ओढायचं. हे होईपर्यंत हेलिकॉप्टरला एकाच जागी तरंगत राहावं लागतं. खालून नेम धरणाऱ्याला याहून सोपं लक्ष्य कुठलं!

खालच्या जवानांना जखमींना स्ट्रेचरमध्ये नीट बांधणं जमत नव्हतं. पिट्सेनबार्गरने वरून ते पाहिलं आणि मला खाली सोडा म्हणाला. शंभर फुटांहून जास्त उंचीवरून तो दोराने जंगलात उतरला. खरं तर ही लढाई त्याची नव्हती; तो हवाई दलाचा, ते पायदळाचे. उतरल्यावर त्याने कामाची घडी बसवली. आधी कोण जाणार हे ठरवलं, जखमा बांधल्या, एकेकाला स्ट्रेचरमध्ये आवळून वर पाठवलं. दोन्ही हेलिकॉप्टरं आळीपाळीने येत-जात राहिली. त्या दिवशी नऊ जखमी बाहेर निघाले.

या नऊ आकड्याशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. पहिल्यांदा खाली उतरताना माणूस भरात असू शकतो. पण त्यानंतर दोर जितक्या वेळा वर गेला, तितक्या वेळा वर जायची वाट त्यालाही मोकळी होती, आणि प्रत्येक वेळी ती त्याने दुसऱ्याला दिली. एका झटक्यात केलेलं धाडस आणि हे, यांची जातच वेगळी. शेवटी स्ट्रेचर खाली येत असतानाच एका हस्कीला गोळ्या लागल्या, इंजिनाची ताकद कमी होऊ लागली. त्याला अजूनही स्ट्रेचरमध्ये बसून निघता आलं असतं. त्याने हात हलवून हेलिकॉप्टरला निघून जायची खूण केली.

त्यानंतर उखळी तोफांचा मारा सुरू झाला, हल्ला तीव्र झाला आणि सुटकेचं काम थांबवावं लागलं. तो कोवळी झाडं तोडून स्ट्रेचर करत होता, वेलींच्या दांड्यांनी मोडलेली हाडं बांधत होता. काडतुसं संपत आली तेव्हा गोळीबारातून फिरून ती गोळा केली आणि लढणाऱ्यांना वाटली. जखमींना माऱ्याबाहेर ओढलं. जमेल तेव्हा स्वतः बंदूक चालवली. तीनदा जखमी होऊनही तो थांबला नाही. संध्याकाळी शत्रूने कंपनीची बचावफळी फोडली, त्या झुंजीत तो मारला गेला. कंपनीचे ८० टक्के जवान ठार वा जखमी झाले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह सापडला तेव्हा एका हातात रायफल आणि दुसऱ्या हातात औषधांची पेटी होती, असं सांगितलं जातं.

त्याच वर्षी त्याला मरणोत्तर ‘एअर फोर्स क्रॉस’ मिळाला. सर्वोच्च सन्मानासाठी मात्र अनेक वर्षं गेली. ज्यांनी त्याला खाली काम करताना पाहिलं, त्यांतले बरेच त्याच जंगलात संपले होते आणि वाचलेले देशभर पांगले होते. ते पायदळाचे, हा हवाई दलाचा. दोन दलांच्या कागदांमध्ये एका साध्या एअरमनची बाजू लावून धरणारं कोण असणार? अखेर चार्ली कंपनीच्या वाचलेल्या सैनिकांच्या साक्षी पुन्हा गोळा झाल्या आणि ८ डिसेंबर २००० रोजी ओहायोतल्याच डेटन शहरी, हवाई दलाच्या संग्रहालयात, ‘मेडल ऑफ ऑनर’ त्याच्या वडिलांच्या हाती देण्यात आलं. मरणोत्तर स्टाफ सार्जंटचा हुद्दाही मिळाला. शेकडो पॅरारेस्क्यू जवान हजर होते, आणि १९६६ च्या त्या जंगलातून जिवंत परतलेले पायदळाचे सैनिकही.