आखाजीला आलेले तान्हे

अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या गावांत हा सण दिवाळीच्या तोडीचा; लेकीबाळींना विचारले तर कांकणभर सरसच. सासरी गेलेली लेक या दिवसांत माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ किंवा बाप मुऱ्हाळी होऊन जातो. सणाच्या आधीच घरात गौराई बसलेली असते. गौराई म्हणजे पार्वती, म्हणजे तीही माहेरी आलेली लेकच. निंबाच्या फांदीला झोके टांगले जातात आणि सासरी गिळलेले शब्द झोक्यावरच्या गाण्यांतून बाहेर पडतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनाही आखाजीवर कविता करावीशी वाटली. थोडक्यात, हा बाईच्या विसाव्याचा सण आहे. मात्र लेकीच्या कडेवर तान्हे असेल, तर विसाव्याचे गणित बदलते आणि घराचा सगळा दिवस त्या बाळाभोवती फिरू लागतो.

त्यात ऋतू कडक. आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेला येते. 2024 मध्ये ती 10 मे रोजी होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या याच सुमारास लागतात, त्यामुळे मामाच्या गावी जाणे जूनपर्यंत चालूच राहते. नेमक्या याच आठवड्यांत तापीकाठच्या पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. भुसावळचे नाव तर राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत दरवर्षी येते.

तान्ह्याला ऊन मोठ्या माणसापेक्षा लवकर बाधते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, म्हणून बाहेरची उष्णता शरीरात झपाट्याने शिरते. घाम येण्याची यंत्रणा अजून पुरती तयार झालेली नसते. तहान लागली हे सांगता येत नाही आणि अंगावरचे दुपटे काढून टाकता येत नाही. बाळाला थंडी वाजेल या धास्तीने वैशाखातही कुंची, टोपडे, मोजे असा सगळा बाळंतविडा अंगावर चढवला जातो. हिवाळ्यात हे सारे योग्य. मे महिन्यात मात्र एक सैल सुती झबले पुरते.

खरी परीक्षा प्रवासापासून सुरू होते. खानदेशातली कितीतरी कुटुंबे सुरत, मुंबई, पुणे, नाशिक येथे कामाला असतात. सुरतेकडून येणारे उधना-जळगाव मार्गाने नंदुरबार, अमळनेर, धरणगाव करत उतरतात. मुंबईकडून धुळ्याला जाणारे बरेच जण चाळीसगावला गाडी बदलतात किंवा एसटी धरतात. बाळ बरोबर असेल तर रात्रीची किंवा पहाटेची गाडी गाठावी. दुपारच्या एसटीचा पत्रा तापतो आणि खिडकीतून येणारा वारा गार नसून झळ असते. झळ लागू नये म्हणून बाळाच्या तोंडावरून पदर किंवा जाड कापड पूर्ण ओढून घेण्याची सवय घातक आहे, कारण आत हवा कोंडते आणि गरमी वाढते. सावली हवी, पण वारा अडता कामा नये.

घर कोणते, यावरही बरेच अवलंबून असते. जुन्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती आणि मातीचे छत दुपारची उष्णता सावकाश आत घेतात, म्हणून मधली खोली गार राहते. त्याच गल्लीत नव्याने बांधलेले स्लॅबचे घर संध्याकाळपर्यंत भट्टी होते आणि मध्यरात्रीपर्यंत तापच ओकत राहते. वरचा मजला पाहुण्यांना देण्याचा मान चांगला, पण बाळंतिणीला खालचीच खोली द्यावी. कोरड्या हवेत वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर उत्तम काम करतो, कारण पाण्याचे बाष्प होताना हवा गार होते. त्यासाठी एक खिडकी उघडी लागते. सगळे बंद करून लावलेला कूलर खोली फक्त दमट करतो. झोत थेट बाळावर नको. जूनमध्ये ढग जमू लागले, हवेत ओल आली, की हाच कूलर निरुपयोगी होतो. रांगणारे मूल घरात असेल तर कूलरची तार आणि त्याची पाण्याची टाकी या दोन्ही गोष्टी त्याच्या हाताबाहेर हव्यात. न्हाणीतली भरलेली बादलीसुद्धा झाकावी. इतक्या लहान मुलाला बुडायला काही बोटे पाणी पुरते.

माहेरच्या घरात उन्हाळ्याचे काम पहाटे असते. कुरडया, पापड, शेवया आणि ज्वारीचे बिबडे गच्चीवर वाळायला पडतात. सूर्य वर यायच्या आत हात उरकावा लागतो, म्हणून आजी, मावशी, शेजारणी सगळ्या एकत्र बसतात. गव्हाच्या चिकाचे पातेले खदखदत असते आणि ताटलीत गरम चीक मिळावा म्हणून मुले त्याभोवती घोटाळतात. याच गर्दीत भाजण्याचा धोका सर्वाधिक. बाळाला चुलीपासून दूर, ओसरीवरच्या साडीच्या झोळीत टाकून एकीने फक्त झोळीची दोरी धरून बसावे. हे काम सहसा घरातल्या सर्वांत थोरल्या बाईकडे असते आणि ते सर्वांत सोपे आहे असे इतरांना उगीचच वाटते.

अंघोळ सकाळी उरकते. अंगाला तेल, मग आजीच्या पसरलेल्या पायांवर कोमट पाणी. हे चोळणे बाळाला आवडते आणि त्यात वावगे काही नाही. जोर मात्र हवा तेवढाच. नाका-कानात तेल सोडणे, धुरी देणे आणि डोळ्यांत काजळ घालणे या तीन गोष्टी सोडलेल्या बऱ्या. काजळात शिसे असू शकते आणि धुराने बाळाचा श्वास कोंडतो. गालावर किंवा तळपायाला तीट लावून दृष्टीची हौस भागते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी राहिलेल्या लेकीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची रीत काही घरांत अजून आहे. थंडीत तिला अर्थ असेल. वैशाखातल्या बंद खोलीत शेगडी म्हणजे आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी खेळ.

पाण्यावरून सगळ्यात मोठा वाद होतो. ‘एवढ्या उन्हात लेकराला घोटभर पाणी नको का?’ हा प्रश्न प्रत्येक ओसरीवर निघतो. उत्तर आहे: सहा महिन्यांपर्यंत नको. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला उष्ण प्रदेशांसाठीही तोच आहे: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. वरचे पाणी दिले की पोट भरते, दूध कमी ओढले जाते आणि अशुद्ध पाण्याने जुलाब लागतात. घोटभर पाणी द्यायचे ते आईला, आणि घोटभर नव्हे, भरपूर. पाहुण्यांच्या गर्दीत तिच्या हाती पाण्याचा तांब्या देणारे कुणी असतेच असे नाही. गुटीबरोबर मध चाटवणेही वर्षाच्या आत टाळावे. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्यांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बाळाला पाणी पुरते आहे की नाही, हे लंगोट सांगतो. दिवसाकाठी सहाच्या आसपास ओले लंगोट म्हणजे ठीक. शू कमी होणे, टाळू खोल जाणे, तोंड सुकणे, बाळ मलूल होऊन दूध न ओढणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर सण-मुहूर्त न पाहता दवाखाना गाठावा.

आखाजीच्या दिवशी पितरांच्या नावाने मातीची घागर भरली जाते. तिच्यावर खरबूज ठेवतात, ज्याला इकडे डांगर म्हणतात. उपड्या खापरावर परातीएवढे मांडे भाजले जातात, बरोबर आमरस आणि कुरडया. सहा महिने उलटलेल्या बाळाचे उष्टावण झालेले असले, की प्रत्येक मामा त्याच्या जिभेला रस लावायला पुढे येतो. साखर न घातलेला, घरी काढलेला पिकल्या आंब्याचा रस चमचाभर चालतो. साखर घातलेला मात्र दूर ठेवावा. जळगाव जिल्ह्यात याहून सोपे अन्न घरोघरी असते: पिकलेले केळे, हाताने कुस्करून. रावेर-यावलच्या केळीचे हे राज्य, आणि जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकनही आहे. मऊ वरणभात घट्टसर भरवावा, नुसते वरणाचे पाणी नको. त्यात पाणीच जास्त आणि वरण कमी. शेंगदाणे, फुटाणे घशात अडकतात, त्यामुळे थोरल्या भावंडांच्या मुठी तपासाव्या लागतात.

बाळ घरात आले की सगळ्या गल्लीला ते उचलून पाहायचे असते. एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या तान्ह्याची झोप उडते आणि रात्री त्याचा हिशेब आईकडून वसूल होतो. खोकला-सर्दी असलेल्याने लांबूनच कौतुक करावे आणि बाकीच्यांनी हात धुवावेत. हे पाहुण्यांना सांगायला आजीचाच आवाज लागतो. लेकीने सांगितले तर ती शहरात जाऊन शेफारली असे ठरते.

सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी किंवा नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस याच सुट्टीत आली, तर ती चुकवायचे कारण नाही. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर असले की माहेरच्या गावच्या सरकारी आरोग्य केंद्रातही लस मिळते. हे कार्ड बाळाच्या पिशवीत कपड्यांच्या आधी जावे.

सूर्य मावळला की घर पुन्हा जागे होते. गच्चीवर पाणी शिंपडले जाते, बाजा निघतात, मच्छरदाणी ताणली जाते आणि बाळ उघड्या आभाळाखाली आईच्या कुशीत पडते. झोक्यावर मोठ्या मुली उभ्याने हिंदोळे घेतात तेव्हा त्या टप्प्यात रांगते मूल येऊ नये, एवढे पाहावे लागते. मग एक दिवस जावई न्यायला येतो. कुरडया-पापडांचा डबा बांधला जातो, दुपटी घडी होतात आणि पहाटेच्या गाडीसाठी सगळे घर तीनला उठते.