आत पाहिल्याशिवाय नाव नाही

पश्चिम कच्छमध्ये इओसीन काळातल्या चुनखडकाचे थर उघडे पडले आहेत. त्यांच्या उतारांवर चपट्या, गोल चकत्यांचा खच असतो. काही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या, काही दोन-तीन सेंटीमीटरच्या. चार कोटी वर्षांपूर्वी इथल्या उथळ समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जीवांची ही कवचं. वर्ग फोरामिनिफेरा, प्रजाती न्युम्युलाइटीस.

या जीवांची ओळख पटायला बराच काळ गेला. कवच वेटोळं आणि कप्प्याकप्प्यांचं, म्हणून आल्सीद दॉर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये त्यांना माकुळाच्या गोतात बसवलं. कवचातला जीव एका पेशीचा आहे, हे १८३५ मध्ये दुजार्दँ यांनी दाखवलं.

खरी मेख मात्र पुढे होती. एकाच थरात मोठ्या आणि छोट्या चकत्या शेजारी-शेजारी सापडत, अभ्यासक त्यांना दोन जाती समजून दोन नावं देत. उदाहरणार्थ, न्युम्युलाइटीस फिख्टेली हे जातिनाम १८४१ मधलं, न्युम्युलाइटीस इंटरमीडियस १८४६ मधलं. या एकाच जातीच्या दोन पिढ्या आहेत हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडलं. लैंगिक प्रजननातून आलेल्या जीवाचा पहिला कप्पा अगदी बारीक असतो, पण कवच वाढून मोठं होतं. अलैंगिक पद्धतीने आलेल्याचा पहिला कप्पा मोठा आणि कवच लहान. आता दोन्हींना फिख्टेली म्हणतात, कारण आधीचं नाव टिकतं.

पहिला कप्पा दिसायचा तर कवच मधोमध उघडायला हवं. चकती ज्योतीवर तापवून थंड पाण्यात टाकली, की बहुधा मधल्या पातळीत दुभंगते आणि चकलीसारखे वेढे समोर येतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजमाप सुरू होतं: पहिल्या कप्प्याचा व्यास, वेढ्यांमधलं अंतर, कप्प्यांमधल्या पडद्यांचा कल, वेढ्याच्या कडेने जाणाऱ्या दोरीसारख्या जाड पट्टीची जाडी. दुसरा नमुना उभा घासून त्याचा पारदर्शक काप करतात. वर्णनात जुनी नावं, मापं, स्थळ आणि थर येतात. नवी जात असेल तर एक नमुना मूळ नमुना म्हणून क्रमांकासह संग्रहालयात ठेवावा लागतो.

एवढी काटेकोर नोंद कशासाठी? या जाती भराभर बदलत गेल्या, त्यामुळे जात ठरली की थराचं वय कळतं. तेलविहिरीतून कवच बहुधा अखंड येत नाही. खडकाच्या चुऱ्यात जो तिरका छेद मिळेल, त्यावरूनच जात ओळखावी लागते. बाहेरच्या रूपावर बेतलेलं वर्णन तिथे निरुपयोगी ठरतं.

हीच अडचण जुन्या नावांबाबतही येते. कॅप्टन ग्रँट यांनी कच्छमधून नेलेल्या जीवाश्मांची वर्णनं सॉवर्बी यांनी १८४० मध्ये लंडनमध्ये छापली. त्यातली काही जातिनामं आजही जगभर चालतात. ती नेमकी कुणाला लागू पडतात हे ठरवायला अभ्यासकांना कच्छच्याच थरांतून नवे नमुने आणून उघडून पाहावे लागतात. पवईच्या आयआयटीतही कच्छच्या या कवचांवर काम झालं आहे.